ठोंबरे सरांच्या समोरची खुर्ची

ॲडव्होकेट प्रभाकरराव ठोंबरे यांची आणि माझी ओळख एका खुर्चीवरून झाली. मी नुकतीच सनद घेतलेली, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातून स्कूटीवर शंकर नगरला त्यांच्या कार्यालयात गेले. टेबलासमोर वेताची एक खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसायला वाकले. सर कागदातून डोकं न काढता म्हणाले, "तिथं नोको, पोरी. ते बुक हाय." मी भिंतीकडच्या बाकावर बसले. दोन तास गेले, त्या खुर्चीवर बसायला कुणी आलं नाही.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या कायद्याच्या ज्ञानावर लिहिणारे माझ्याहून थोर लोक आहेत. मी त्यांची सर्वांत जुनी आणि सर्वांत भांडकुदळ शिष्या, म्हणून मी खुर्चीवर लिहिते. तिच्याविषयी बोलायला बाकीचे कचरतात, हे मला माहीत आहे.

सरकारी आदेशाविरुद्ध कोणतंही काम आलं की सर आधी, भर दुपारीसुद्धा, आवाज नको म्हणून कूलर बंद करायला लावतात. मग तो आदेश त्या खुर्चीकडे तोंड करून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचतात. ज्याच्याविरुद्ध आदेश आहे त्याचं नाव घेऊन विचारतात, "तुमचं काय म्हणणं हाय?" आणि पाच मिनिटं गप्प राहतात. रायपूरच्या मे महिन्यात कूलरविना पाच मिनिटं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. घाम टिपत मी मनात म्हणायची, भले वकील आहेत, पण जरा सरकलेले दिसतात.

त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. सरांच्या वडिलांची एका कार्यालयातली नोकरी एका पानाच्या आदेशाने गेली होती. त्यात लिहिलं होतं की संबंधितांना समक्ष ऐकून घेतले. ज्या दिवशी ऐकून घेतलं म्हणत होते, त्या दिवशी वडील घरी याच खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते पुढे फार जगले नाहीत. सरांनी हे मला एकदाच सांगितलं आणि लगेच चहा मागवला.

तरीही सरकारविषयी वाकडा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "सरकार म्हंजे सही करणारा एक माणूसच," ते म्हणतात, "त्याले घाई असते." न्यायालय त्या माणसाच्या जागी बसून निर्णय घेत नाही, हे त्यांनी आम्हाला पाठ करायला लावलं. त्याला तो अधिकार होता का, त्याने कायद्याची वाट धरली का, ज्याचं नुकसान होणार त्याला आधी विचारलं का, एवढंच न्यायालय बघतं. "निर्णय चांगला की वाईट ते नंतर. आधी इचारलं का, ते पाय."

खुर्चीची आणखी एक गोष्ट. तिच्यावर कुणीही बसत नाही, तरी दर दोन-तीन वर्षांनी तिचा वेत मधोमध खचतो. मग गोल बाजारातून विणणारे म्हातारे मियाँ येतात. एकदा त्यांनी विचारलं, "बाबूजी, ये तो बैठने से ही टूटता है. बैठता कौन है इसमें?" सर म्हणाले, "जिनसे किसी ने पूछा नहीं." मियाँनी काम संपवलं आणि मागे न बघता निघून गेले. मी म्हटलं, उन्हाने वेत वाळतो, दुसरं काय. आजही तेच म्हणते.

आता माझी चूक सांगते. एक बाई आली, तिशी-पस्तिशीची, रुग्णालयात आयाचं काम करणारी. कायमची रात्रपाळी. हातात आदेश होता: राहतं घर अतिक्रमण ठरवलेलं, सात दिवसांत रिकामं करा, नाहीतर पाडू. त्यातले चार दिवस गेले होते. आदेश कौसल्याबाईंच्या नावाचा होता. मी तडक त्या नावाने याचिका लिहिली, शपथपत्र तयार केलं आणि सहीसाठी तिच्यापुढे सरकवलं. ती पेन धरून नुसती बघत राहिली.

तेवढ्यात सरांनी कूलर बंद करायला सांगितलं. मी वैतागले, रात्रीच बिलासपूरला उच्च न्यायालयासाठी कागद पोचवायचे होते. सरांनी आदेश वाचला. "कौसल्याबाई समक्ष हजर. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले." मग खुर्चीकडे बघून विचारलं, "कौसल्याबाई, तुमचं काय म्हणणं हाय?"

बाकावरून ती बाई हळूच म्हणाली, "साहेब, आई तं तीन वर्सं झाले गेली. मी मंदा व्हय."

कूलर बंद होता, तरी माझ्या मानेवरून गार काहीतरी गेलं. मी मंदाला तिच्या मेलेल्या आईच्या नावाने शपथ घ्यायला लावत होते. मेलेल्या माणसाची याचिका उभीच राहत नाही. ती फेटाळली असती, शपथ खोटी म्हणून मंदाच अडकली असती, आणि सातव्या दिवशी घर गेलं असतं. मी आदेशावरचं नाव वाचलं होतं. समोरच्या बाईला तिचं नाव विचारलंच नव्हतं. जे त्या कार्यालयाने केलं, तेच मी केलं होतं. सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी स्वतः मंदाच्या नावाने नवी याचिका टंकून घेतली आणि म्हणाले, "जाय, मंदाले पाणी दे."

उच्च न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली आणि कार्यालयाची मूळ फाइल मागवली. तीत सुनावणीची टिपणी होती, गिचमिड अक्षरात. वयस्क महिला उपस्थित. पांढरी साडी. बसण्यास सांगितले, बसल्या नाहीत. पुढे त्यांचं म्हणणं लिहिलं होतं: घर पाडायचे तर पाडा, पण मागच्या खोलीत मुलगी झोपली आहे, आधी तिला उठू द्या.

मी ते बाहेरच्या व्हरांड्यात मंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दीदी, मी दिवसा झोपतो नं. दूधवाला आला, कुनी आलं, तं आई दारातच उभी राहे. म्हने, पोट्टी झोपली हाय, हळू बोला." सुनावणी घेणारे गृहस्थही तिथेच उभे होते. ते खोटं बोलणारे वाटत नव्हते. इतकंच म्हणाले, "एक अम्मा आयी थीं. मैंने जैसा सुना, वैसा लिखा."

सुनावणीला शेजारची कुणी म्हातारी गेली असेल, असं मी स्वतःला सांगत आले आहे. सरांना मी म्हटलं, हे कोर्टापुढे मांडा, मोठी खळबळ होईल. ते म्हणाले, "कोन आलं होतं, हे आपल्या याचिकेत नाही. मंदाले बोलावलं नाही, एवढंच हाय." त्यांनी तेवढंच मांडलं. न्यायालयाने आदेश रद्द केला. घर कुणाचं हे ठरवलं नाही. मंदाला नोटीस द्या, तिचं ऐका, मग ठरवा, असं सांगितलं. नव्या सुनावणीत मंदाने आईच्या नावाचा जागेचा जुना सरकारी पट्टा दाखवला. घर आजही उभं आहे.

निकालाचा कागद घेऊन मंदा आली, त्या दिवशी सरांनी आयुष्यात प्रथमच कुणाला त्या खुर्चीकडे बोट दाखवून "बस" म्हटलं. ती बसली नाही. जवळ गेली, खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, उठली मी. जाय तू आता."

वेत करकरला. मी ऐकलं, सरांनीही ऐकलं. आम्ही दोघांनीही कधी त्याविषयी बोलणं काढलं नाही. मला त्या क्षणी भीती वाटली, आणि रडूही आलं.

हा लेख मी परवा सरांना वाचून दाखवायला गेले. गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणाने ते खूप उतरले आहेत. म्हणाले, "मले नोको. तिकडं वाच." मी कूलर बंद केला, वाचला, पाच मिनिटं थांबले. कुणाची हरकत आली नाही, म्हणून छापायला दिला आहे. निघताना बघितलं, वेत पुन्हा मधोमध खचायला लागला आहे. मियाँना निरोप धाडला.

सर, इतकी वर्षं तुमच्याशी भांडले, आज मागते. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, शंभरी ओलांडा. समोरच्या खुर्चीत ज्यांना यायचं ते येवोत. तुम्ही मात्र टेबलाच्या याच बाजूला राहा. तुमचं नाव घेऊन त्या खुर्चीपुढे कागद वाचायचं बळ माझ्यात नाही.