आबांची नायजेरियन भेंडी

मंडळी, आमचे वडील, म्हणजे आबा, साठच्या दशकात लष्करातनं काँगोला गेलेले. तिथल्या नायजेरियन जवानांनी त्यांना भेंडीचं बुळबुळीत सूप खाऊ घातलं. पिठाचा गोळा त्यात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. सुळकन उतरतो!

आज पाटणच्या घरी आबांनी स्वतः तसली भेंडी शिजवली, उकडीचे गोळे वळले आणि हात धुवायला गेले.

आईनं झाकण काढलं. भेंडीला सुटलेल्या तारा बघून तिला वाटलं, बिघडली; आबांची दया आली. अख्खं लिंबू पिळून तिनं बुळबुळ घालवली.

आबांनी गोळा गिळला. तो घशातच बसला.

"आवं, चावा की!" आई पाठीत धपाटे घालत ओरडली.

"लिंबू कुणी पिळलं गं?" घसा मोकळा होताच आबा कडाडले.

भेंडी बुळबुळीत झाली म्हणून आईनं आयुष्यभर बोलणी खाल्ली. आज झाली नाही म्हणून खाल्ली. सांगा, बाईनं करावं तरी काय?