संकष्टीचा दहीभात

कुत्र्याच्या जुलाबांवर काय लिहायचं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून मी निवृत्त झाले. नाक मुरडणारे चेहरे मला नवे नाहीत. जीव पाळला की त्याची घाणही आपलीच. ती काढायला मला कधी लाज वाटली नाही आणि आता ह्या वयात ती शिकायचा विचारही नाही.

खरं तर कुत्रा माझा नव्हेच. माझ्या मुलाने आणला. तेव्हा तो हिंजवडीला नोकरीला लागला होता. त्या काळात आमच्या कसबा पेठेत ज्याचं त्याचं पोर आयटीत होतं. पहिला पगार झाला की कोणी आईला मायक्रोवेव्ह आणायचं, कोणी वडिलांना मोबाईल. आमच्या चिरंजिवांनी पामेरियनचं पिल्लू आणलं. पांढरंशुभ्र, हातभर शेपटी आणि वीतभर अंग. मी म्हटलं, "मला विचारलंस?" तर म्हणाला, "आई, तुला सोबत होईल." सोबत म्हणजे काय ते वर्षभरात कळलं. कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. "वर्षाचंच काम आहे, तोवर सांभाळ." वर्षाचं काम संपलं, दुसरं लागलं. मग लग्न तिथे झालं, घर तिथे झालं. कुत्रा राहिला आमच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्याजवळ.

मुलाने त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. मी त्याला एरवी 'अरे' म्हणायची आणि रागावले की 'अहो राजे'. दोन्हींना तो बरोबर ओळखायचा. मी जेवायला बसले की समोर येऊन बसायचा. मी पहिला घास घेतला की मगच स्वतःच्या ताटलीला तोंड लावायचा. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. घरात जेवणारी माणसं दोनच, तेव्हा एकमेकांना सोडून जेवायचं नाही, असं त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं असावं.

ही गोष्ट श्रावणातली. त्या महिन्यात त्याचं पोट बिघडलं ते धड बसेचना. डॉक्टरकडे न्यायचं, औषध द्यायचं, दोन दिवस बरं वाटायचं की पुन्हा सुरू. पांढरा कुत्रा आणि जुलाब म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्याने धुतलंय त्यालाच माहीत. मागच्या पायांचे केस चिकटून जायचे. मी त्याला न्हाणीघरात उभं करून कोमट पाण्याने धुवायची, तो थरथरत उभा राहायचा आणि मान वळवून माझ्याकडे अपराध्यासारखा बघायचा. मी म्हणायची, "तुम्ही कशाला ओशाळता? आमच्या पेठेत भल्याभल्यांची पोटं बिघडतात." शेवटी कात्री घेऊन त्याचे मागचे केस मीच कापले. दिसायला अगदी ध्यान झाला, पण धुणं सोपं झालं.

एका शनिवारी सकाळी मात्र तो उठलाच नाही. जिवतीच्या शुक्रवारचा दुसरा दिवस. पाणी पुढे केलं तर जेमतेम जीभ लावली. मी त्याला जुन्या साडीत गुंडाळून खाली उतरले. पहिला रिक्षावाला म्हणाला, "कुत्रं घेत नाही." मी म्हटलं, "कुत्रं नाही, पेशंट आहे. आणि तुमच्या सीटपेक्षा स्वच्छ आहे." त्याने मीटर टाकला.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. मूळची नागपूरची, नदीपलीकडे दवाखाना टाकून बसलेली. तिने त्याचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश खाली बसली. "पाणी कमी झालंय अंगातलं," म्हणाली. सलाईन लावलं. मग माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही नेहमी सांगता, वरणभात देते, ताकभात देते. त्याने असं होत नाही. काल काय काय खाल्लं ह्याने, ते सांगा."

"काल जिवतीचा शुक्रवार. दुपारी साबुदाण्याची खिचडी. थोडी दाण्याची आमटी. संध्याकाळी पुरण, तूप घालून."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "अन् मागच्या वेळी आणलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी?"

"सोमवार होता. श्रावणी सोमवार."

"म्हणजे खिचडीच. बाप्पा! काकू, तुम्ही ह्याला उपास घडवून राहिल्या का?"

"उपास त्याला नाही हो, मला. पण उपासाच्या दिवशी घरात भात शिजत नाही. एकट्या बाईने दोन-दोन स्वयंपाक कोणासाठी करायचे? मी जे खाते ते तो खातो."

बोलता बोलताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोमवार, एकादशी, शुक्रवार. जन्मभर फळ्यावर गणितं सोडवली, आणि हे एवढं सोपं सुटलं नव्हतं. तूप, दाणे, मिरची, बटाटा. माझंच पोट उपासाच्या दुसऱ्या दिवशी कुरकुरतं, तर त्या वीतभर जिवाची काय कथा! ती मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "आज पोटाला पूर्ण आराम. घोट घोट पाणी तेवढं द्या. उद्यापासून गुरगुट्या भात, त्यात थोडं दही, उकडलेला लाल भोपळा. तूप नाही, दूध नाही, दाणे नाहीत. उकडलेलं चिकनही चालतं, पण ते तुमच्याकडे होईल असं वाटत नाही."

"अगदी बरोबर वाटतंय तुम्हाला," मी म्हटलं.

"उद्या मात्र त्याने खायलाच हवं, काकू. नाही खाल्लं, उलटी झाली, रक्त पडलं, तर लगेच घेऊन या. आता अंगात काही राहिलं नाही त्याच्या."

संध्याकाळी मुलाचा फोन. दर शनिवारी कॉम्प्युटरवर बोलणं व्हायचं, चेहरे दिसायचे, म्हणजे त्याचं कपाळ आणि माझी हनुवटी. मी त्याला सगळं सांगितलं. कशाला सांगितलं देव जाणे. तो शांतपणे ऐकून घेत होता. ऑफिसात कोणाला काढून टाकायचं असलं की ही माणसं अशीच ऐकत असावीत. मग म्हणाला, "आई, तुला आता हे झेपत नाहीये."

"मी म्हटलं का झेपत नाही?"

"तू म्हणणार नाहीस. माझ्या मित्राशी मी मागेच बोलून ठेवलंय. मांजरी गावात बंगला आहे त्यांचा, पुढे लॉन आहे, मुलं आहेत. तो उद्या सकाळी येऊन घेऊन जाईल. कुत्र्याच्या दृष्टीनेही तेच बरं."

मागेच बोलून ठेवलंय! मला न विचारता आणला, मला न विचारता ठेवला आणि आता मला न विचारता द्यायला निघाला. मला असा राग आला की कॉम्प्युटर बंद कसा करतात तेच आठवेना, मी सरळ बटण दाबलं भिंतीवरचं. आणि रागाच्या तळाशी भीती होती, तीही सांगून टाकते. हा गेला तर सकाळी उठून मी 'अरे' कोणाला म्हणणार? रात्रभर तो माझ्या पलंगाखाली पडून होता आणि मी मधूनमधून हात खाली सोडून तो ऊन लागतोय ना ते बघत होते.

रविवारी संकष्टी. बाकीचे उपास, अगदी जिवतीचासुद्धा, मी आता सवयीने धरायची, संकष्टी मात्र मुलासाठी. तो तान्हा होता तेव्हापासून एकही चुकवली नव्हती. सकाळी मी आधी ह्याच्यासाठी भात लावला, पाणी जास्त घालून, अगदी मऊ. दही घातलं, भोपळा कुस्करला. मग सवयीने माझी खिचडी केली. त्याची ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि माझी बशी घेऊन समोर बसले. मी एक घास घेतला. त्याने भाताला नाक लावलं, माझ्या बशीकडे बघितलं आणि मान फिरवून पंजांवर टेकवली. मी समजावलं, दटावलं, बोटावर भात घेऊन ओठाला लावला. काही नाही. साहेबांचं म्हणणं साफ होतं. तू एक खाणार आणि मला दुसरंच देणार, हे चालायचं नाही.

तेवढ्यात बेल वाजली. मित्र आला होता. भला मुलगा, वाईट म्हणवत नाही. हातात कुत्रा न्यायची प्लॅस्टिकची पेटी, नवी कोरी, किमतीचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. "डोन्ट वरी काकू, आमच्याकडे एकदम मजेत राहील. मोठं लॉन आहे."

"तुझं लॉन तुला लखलाभ," मी म्हटलं. "तो कुठेही जाणार नाही. चहा घेणार असलास तर बस."

बिचारा पेटी घेऊन दारातच उभा राहिला. "पण काकू, त्याने मला सांगितलंय..."

"त्याने सांगितलं असेल. घर माझं आहे."

त्याने नाइलाजाने मोबाईल काढला, अमेरिकेला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. तिकडून मुलगा सुरू झाला. आई, प्रॅक्टिकल हो. आई, तुझं वय बघ. आई, तू पाय घसरून पडलीस त्या घाणीत तर कोण येणार धावत? मी तिकडे लक्षच दिलं नाही. मी कुत्र्याकडे बघत होते. त्याचे डोळे अर्धे मिटले होते. डॉक्टरीण म्हणाली होती, आज खायलाच हवं.

मी खिचडीची बशी ओट्यावर नेऊन ठेवली. पातेल्यातला तोच गुरगुट्या भात स्वतःच्या ताटात वाढून घेतला, बिनमिठाचा, बिनतुपाचा. फरशीवर त्याच्यासमोर मांडी घातली आणि कालवून घास तोंडात घातला. चव म्हणाल तर ओल्या कागदासारखी. मी तो चावला, गिळला आणि दुसरा घेतला. त्याने डोकं वर केलं. माझ्या ताटाचा वास घेतला, स्वतःच्या ताटलीचा घेतला. मग उठला, मागचे पाय लटपटत होते तरी उठला, आणि लपलप खायला लागला.

मित्राने चकित होऊन फोनमध्ये सांगितलं, "अरे, काकू त्याच्याबरोबर दहीभात जेवतायत."

"जेवतायत? आज तर संकष्टी आहे!" एवढं मात्र त्याला तिकडे बसून ठाऊक होतं. "आई? तुझा उपास ना आज?"

"होता," मी म्हटलं. "तुझ्यासाठी धरत होते. आजपासून सोडला."

मित्र पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. मला थांबता येईना.

"तू तान्हा होतास तेव्हा तुला असेच जुलाब लागले होते. डोळे खोल गेले होते तुझे. तुझी लंगोटं मी ह्याच न्हाणीघरात धुतली, नोकरी सांभाळून धुतली. तेव्हा मला कोणी म्हटलं नाही की बाई, तुला झेपत नाहीये. आणि तुला न्यायला मांजरीहून कोणी पेटी घेऊन आलं नव्हतं. तेव्हा धरली ही संकष्टी. तू जगलास, शिकलास, तिकडे गेलास, सुखात आहेस. गणपतीने त्याचं काम केलं, मी माझं केलं. आता मला माझ्या घरात, माझ्या कुत्र्याबरोबर, मला वाटेल ते जेवू दे."

मग तो बोलला ते अगदी लहान आवाजात. ऑफिसातला तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

"म्हणजे आता माझ्यासाठी काहीच नाही धरणार?"

माझा घास हातातच राहिला. त्याच्यावर रागवायला मी आणखी बरंच काही जमवून ठेवलं होतं. ते सगळं पुसलं गेलं.

"धरणार नाही," मी म्हटलं. "तू ये. तुझ्यासाठीही भात टाकते."

मित्राने फोन उचलून बघितला. "काकू, बहुतेक कट झाला." कट झाला नव्हता. मागे त्यांच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. मी पातेल्यातला आणखी एक डाव भात ताटलीत घातला.