पडण्याआधीची दौड

बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवायचा तो माझा थोरला भाऊ. लगाम सैल, अंग घोडीच्या मानेवर टाकलेलं आणि मागे उधळलेला गाडा. आमच्या डिंगोऱ्यापासून पार पेठ गावापर्यंत यात्रांना त्याला बोलावणं असायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. डिंभ्याच्या धरणाजवळ एका हिंदी सिनेमाचं शूटिंग आलं. गुप्तहेराचा विनोदी सिनेमा. हेराच्या मागे लागणारा घोडेस्वार त्यांना हवा होता. तोंडाला काळं फडकं बांधून दादा पळाला. एका वळणावर घोडी घसरली आणि त्याच्या अंगावर आली. कंबर मोडली. शूटिंगवाल्यांनी त्याला दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि ते पुढच्या गावी गेले. घोडी शाबूत होती. तीही पुढे विकावी लागली.

वर्षभराने सिनेमा जुन्नरला लागला.

"आये, येकदा बघू दे," दादा म्हणाला. "काळीज थांबंल असा पळालोय मी."

जीप ठरवून आम्ही जुन्नरला गेलो आणि वडिलांनी त्याला पाठीवर घेऊन थेटरात नेलं. दुपारचा खेळ, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पडद्यावरचा हेर पिस्तूल काढायला जायचा आणि खिशातून कंगवा निघायचा. लोक हसणार तोच खऱ्या गोळ्या सुटून कुणीतरी मरायचं. मारामारी रंगात आली की कुणाची तरी पँट सुटायची.

"आरं हसायचं का घाबरायचं, येकदा ठरवा की राव!" पुढून एक जण ओरडला. त्यालाच काय ती दाद मिळाली.

मग आमची घोडी आली. दादाने माझं मनगट धरलं.

"मान बघ तिची," तो पुटपुटला.

धरणाच्या कडेने तो वाऱ्यासारखा गेला. वळण आलं. घोडी घसरली. तो आपटला त्या क्षणावर सिनेमावाल्यांनी भोंग्याचा आवाज चढवला होता. सगळं थेटर खो-खो हसलं.

"आरारा, लई आपटला की!" मागचा म्हणाला.

पडल्यावर दादाचा हात मातीत लगाम चाचपत होता, तेही त्यांनी कापलं नव्हतं. त्यालाही लोक हसले. माणसाची कंबर मोडते तिथे भोंगा वाजवावा असं ज्याला सुचलं, त्याला मला एकदा समोर बसवून विचारायचं आहे.

मी पत्रकांवर वाढलेलं पोर. वडील धरणग्रस्तांच्या मोर्च्यांची पत्रकं घरी आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकलो. घरी येताच लिहायला बसलो. 'तुम्ही ज्याला हसलात तो माणूस डिंगोऱ्याचा आहे. ते पडणं खरं होतं.' वडील म्हणाले, छापून आणू, थेटराच्या दारात वाटू. त्यातला शब्द न् शब्द मला आजही बरोबर वाटतो.

दादाने कागद मागून घेतला. वाचून उशाशी ठेवला.

"ह्यात मी नुसता पडलोय," तो म्हणाला.

"मग खोटं हाय का?"

"खोटं न्हाई रं. पन पिच्चरमधी पडायच्या आधी पळतोय तरी." जरा वेळाने म्हणाला, "परत न्यायचं का मला? तेवढंच बघतो. वळण आलं की डोळं मिटून घीन."

वडील होय म्हणाले. दोन-तीन दिवसांनी मी एसटीने जुन्नरला गेलो. येताना दादाला न्यायला जीप ठरवून आणायची होती. थेटराच्या भिंतीवर दुसऱ्याच सिनेमाचं पोस्टर होतं, खळ अजून ओली.

"त्यो उतरवला भाऊ," तिकीटवाला म्हणाला. "चाललाच नाय. धड हसायचा न्हाई, धड मारामारीचा न्हाई."

"परत कधी लागंल?"

"त्यो? आता कोन लावतंय!"

मी घरी आलो. आईने दादाला धुतलेला सदरा घालून दाराशी बसवलं होतं आणि ती त्याचे केस विंचरत होती. माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहत त्याने विचारलं, "जीप कुठंय?"