खुल्या भांडाराचं कुलूप

बीडच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. या नोकरीत मी जेवढे अर्ज पाहिले, तेवढी पानं बिंदुसरा नदीकाठच्या झाडांना मिळूनसुद्धा नसतील. त्यात एक दिवस विद्यापीठाचं पत्र आलं. संशोधन केंद्रातले सगळे पीएच.डी.चे प्रबंध इंटरनेटवर टाका. कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता आले पाहिजेत. तोवर आमचे प्रबंध एका लोखंडी कपाटात होते, आणि त्या कपाटाची किल्ली नेमकी कुणाकडे असते यावरच आणखी एक प्रबंध झाला असता.

प्राचार्यांनी पत्र वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "उद्घाटन कधी?"

झालं उद्घाटन. कॉम्प्युटरच्या पडद्याला लाल फीत बांधली. कीबोर्डवर एवढं हळदकुंकू पडलं की पुढं दोन महिने प्रत्येक पत्र टाइप करून उठलं की माझी बोटं लग्नघरातल्यासारखी दिसायची. नारळ मशीनवरच फुटणार होता. मी अक्षरशः आडवा पडलो म्हणून मशीन वाचलं आणि माझ्या गुडघ्यावर निभावलं. टाळ्या थांबल्यावर प्राचार्य मला बाजूला घेऊन म्हणाले, "पण असं उघडं कसं ठेवायचं हो? कुणीही वाचेल."

"सर, कुणीही वाचावं म्हणूनच आहे ते."

"वाचू द्या ना! आपली कुठं ना आहे? फक्त अर्ज करून."

अशा तऱ्हेनं आमचं मुक्त भांडार सुरू झालं. वाचणाऱ्यानं अर्ज करायचा, त्यावर विभागप्रमुखांची सही आणायची, नोंदवहीत नाव लिहायचं, मग पासवर्ड मिळणार. पासवर्ड प्राचार्यांच्या टेबलाच्या खणात, आणि खणाला कुलूप. लोखंडी कपाटाला निदान एकच कुलूप होतं.

प्राध्यापकांची तऱ्हा तर विचारूच नका. मी फायली मागितल्या तर आल्या त्या मुखपृष्ठ, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका एवढ्याच.

"बाकीचं कुठंय सर?"

"बाकीचं आतलं आहे."

एका सरांनी फाइल पूर्ण दिली, पण तिला स्वतः कुलूप घातलं आणि आकडे विसरले. आता ती फाइल सरांनाही उघडत नाही. चोरीपासून इतकं सुरक्षित संशोधन भारतात दुसरं नसेल.

या गोंधळात गेवराईपलीकडच्या चकलांब्याची एक बाई तिसऱ्यांदा माझ्या टेबलापुढं उभी राहिली. गावात अंगणवाडी सेविका होती. तिचे वडील बैलांचे जाणकार. बैल लंगडला, फुगला, बिथरला की आसपासची चार गावं त्यांच्याकडे धावायची. वीसेक वर्षांमागं आमचे एक सर त्यांच्या बाजेवर बसून, घागरभर चहा पिऊन, सगळं उतरवून घेऊन गेले. त्यावर डॉक्टर झाले. आज विभागप्रमुख आहेत.

"पुस्तक आणून देतो म्हनले होते," बाई म्हणाली. "आले न्हाईत. आता आबा निम्मं इसरलेत. उजव्या कानानं आयकू येत न्हाई, डावाबी चाललाय. ह्यो कान हाय तवर त्यांना वाचून दाखवायचंय, सर. मंग कुनाला वाचू?"

मी तिचा अर्ज घेऊन सरांकडे गेलो. सर म्हणाले, "आयुष्यभराचं संशोधन आहे माझं. उद्या कुणी चोरलं म्हणजे?"

"सर, ज्याच्याकडून घेतलं तोच मागतोय."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. आमच्याकडे चहा आला की विषय संपतो.

मी बाईला तेवढं सांगितलं. ती पदरानं घाम पुसून बस गाठायला निघाली. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, विभागप्रमुख डबा उघडत असताना, मी मोठ्यानं म्हणालो, "काय राव, समोरच्या इतिहासाच्या सरांचा प्रबंध जर्मनीत वाचतेत म्हणं!"

खरं सांगायचं तर तो प्रबंध दोनदा उघडला होता. एकदा मी, एकदा शिपायानं, आणि तोही चुकून. पण विभागप्रमुखांची चपाती हातातच राहिली. इतिहासाच्या सरांशी त्यांचा तीस वर्षांचा अबोला. बेल झाली तरी आधी वर्गात कोण जातो हे बघत दोघं व्हरांड्यात उभे राहायचे.

पुढच्या सकाळी शिपाई कुलूप काढायच्या आधी सर फाटकात हजर. हातात पेनड्राइव्ह.

"माझा पूर्ण टाका. सगळ्यात वर. आणि ते अर्ज-बिर्ज बंद करा. जर्मनीचा माणूस अर्ज कुठं आणून देईल?"

"ते प्राचार्यांचं आहे, सर."

"मी बघतो."

मला ज्यासाठी चार महिने टाचा घासाव्या लागल्या, ते सरांनी दहा मिनिटांत केलं. अर्ज गेला, सही गेली, नोंदवही गेली. खणाचं कुलूप आहे तसंच आहे, पण आता आत नुसतं बडीशेपेचं पाकीट असतं.

मी बाईला फोन करून सांगितलं. संध्याकाळी तिचाच फोन आला. "सर, आयका." तिनं फोन चालूच ठेवून बाजेवर ठेवला असावा. दुसऱ्या फोनवरनं ती मोठमोठ्यानं वाचत होती: एका ग्रामस्थाच्या मते बैल पुढचा पाय असा टाकतो तेव्हा, एका ग्रामस्थाच्या मते पोट फुगलं असता. मधेमधे म्हाताऱ्याचा हुंकार. "बराबर. बराबर हाय." मग तो म्हणाला, "ह्यो ग्रामस्त कोन हाय गं? लई जानकार दिसतोय. एकदा बोलीव चहाला."

मी फोन ठेवला.

ऋणनिर्देश मी उघडून पाहिला. त्यात प्राचार्य, सौभाग्यवती, टंकलेखक, झेरॉक्सवाला, सगळे होते. म्हातारा नव्हता. प्रबंधात अक्षर बदलायचं तर समिती बसवावी लागते, आणि आमची समिती बसली की उठत नाही. पण भांडाराच्या नोंदीत प्रबंधाच्या नावाखाली एक रकाना असतो: 'माहिती देणारे'. तो तोवर कुणी भरला नव्हता. त्यात मी म्हाताऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं, पुढं 'मु. पो. चकलांबा'. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर चहा आला असता.

आता त्या प्रबंधाला रोज संध्याकाळी एक वाचक असतो. सर येऊन माझ्या खुर्चीमागनं वाकून पडद्यावरचा आकडा बघतात आणि हळूच विचारतात, "जर्मनी का?"

मी म्हणतो, "त्याच बाजूला, सर. गेवराईवरनं जावं लागतं."