जनावरं घेऊन आलेली मुलं

पुण्यात बिबवेवाडीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. पेशंट बोलत नाही, म्हणून बरोबरची मंडळी बोलतात. त्यातही मुलं! असं काही बोलून जातात, की मी हातात सिरिंज धरून बघतच राहते. इतके धक्के साठलेत, की घरी आता कुणाला खरेच वाटत नाहीत.

*

सहा वर्षांची इरा ब्रूनोला इंजेक्शनला घेऊन आली. कुत्रा घाबरून टेबलाखाली! इराने बाही वर केली. "आधी मला टोचा. त्याला दिसू दे, दुखत नाही ते."

तिची आई खुर्चीतून उठलीच. "अहो, शाळेत लस देताना हिला धरायला तीन टीचर लागल्या होत्या!"

*

नुकत्याच महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावात गाय अडली होती. मी धावत पोचले. शेतकऱ्याची दहा वर्षांची सोनाली म्हणाली, "डॉक्टर, वासरू उलटं हाय."

हात घालून पाहिलं. खरंच उलटं!

"तुला कसं कळलं गं?"

"खुरं बघा की. तळवं वर हायेत, म्हंजी मागचं पाय."

हे मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी कळलं होतं! दोघींनी मिळून ओढलं. वासरू जगलं.

*

शनिवार पेठेतले एक आजोबा गरजले, "या घरात एक तर मांजर राहील, नाहीतर मी!"

सात वर्षांच्या नातवाने शांतपणे विचारलं, "आजोबा, तुमची बॅग भरू?"

हे त्यांच्या सुनेने सांगितलं. महिन्याभराने आजोबा एकटेच आले, टोपली छातीशी धरून. "शिंकतेय. औषध द्या. आणि घरी बोलू नका."

*

सलीमभाईंचं बुधवार पेठेत चष्म्याचं दुकान. त्यांच्या मांजरीच्या, नूरीच्या किडन्या गेल्या होत्या. एका दुपारी ती माझ्या टेबलावरच गेली. सलीमभाई भिंतीकडे तोंड करून रडले. मग म्हणाले, "डॉक्टर, राबियाला सांगू नका. तिला सहन नाही होणार. नूरीला मिरजेला खालाकडे, तिच्या मावशीकडे पाठवलं, असं सांगतो." राबिया त्यांची मुलगी, आठ वर्षांची. मी मान डोलावली.

आठवड्याने राबिया आली. आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते ती. हातात कॅट फूडची अर्धी पिशवी.

"डॉक्टर आंटी, हे दुसऱ्या कुठल्या तरी मांजरीला द्या."

मी पिशवी घेतली नाही. "अगं, नूरी मिरजेहून परत आली की लागेल ना?"

तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि दारातून वळून म्हणाली,

"अब्बूंनी विचारलं ना, तर हे खाणंही मिरजेला पाठवलं म्हणून सांगा!"