भावोजींचे सहा ग्रह

आमच्या भावोजींना न दिसलेली गोष्ट या जगात नाही. पहिल्यांदा घरी आले तेव्हा बूट काढायच्या आत त्यांनी वडिलांना भिंतीची ओल दाखवली होती. पुढे शाळेची बस चालवायला लागले. मग तर विचारूच नका. "गाडीला आरसे नावापुरते," म्हणायचे, "मला पाठीलाही डोळे आहेत." बसवाल्या माणसाचा रुबाब असा, की वाटावं विमानच उडवतोय.

ताई त्यांच्याहून वरचढ. गेल्या वर्षी तिने त्याच बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम धरलं. बसायचं मागे, दाराशी. पण ही बया चिकटलेली नवऱ्याच्या शेजारी, आणि सगळा रस्ताभर पुटपुट. माझी मुलगी त्याच बसने जाते, ती सांगायची, "मावशी सारखी काकांच्या कानाशी बोलत असते." सगळी बिल्डिंग हसायची. मीही तिला तोंडावर म्हटलं होतं, "घरात गप्पा पुरत नाहीत का गं?" ती नुसतं म्हणाली, "सवय झालीय."

तर परवा पेपरात आलं, सूर्य मावळल्यावर सहा ग्रह एका रांगेत दिसणार. भावोजी हल्ली पेपर ताईकडून वाचून घेतात, साहेबांसारखे. झालं. संध्याकाळी सगळी बिल्डिंग गच्चीवर. ज्यांनी जन्मात कधी मान वर केली नाही तेसुद्धा मोबाइल आकाशाला लावून उभे. खालच्या टेलरने तर विमानाचाच फोटो काढला आणि घरच्यांना पाठवलाही.

भावोजी मधोमध उभे, बोट वर. "तो शुक्र. त्याला चिकटून नेपच्यून, तितकाच झगझगीत. इकडे गुरू, त्याच्या शेजारी युरेनस. आणि शनी-मंगळ ते तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?" टेलरने विचारलं.

"दिसायला नजर लागते, राव!"

लोक माना डोलावत होते. गाढवं! पेपरात स्वच्छ लिहिलं होतं, युरेनस आणि नेपच्यून दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत. आणि यांचा नेपच्यून म्हणे शुक्राइतकाच झगझगीत. मला वाटलं, नेहमीच्या थापा. जिरवावी जरा. मी खाली रस्त्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"भावोजी, तो दिवा नवा लावलाय का?"

"हो तर. जोडदिवा आहे. उजेड बघा कसा पडतो."

कोपऱ्यावर एका खांबावर एकच दिवा आहे. माझी मुलगी जन्मायच्या आधीपासून एकच.

मी ताईकडे पाहिलं. ती दिव्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. भावोजींना एकाचे दोन दिसत होते; त्या पुटपुटीचा अर्थ मला तिथेच कळला. तिला पाण्याच्या टाकीआड ओढलं.

"कधीपासून?"

"मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "ऑपरेशन करा म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, शाळेला कळलं तर बस काढून घेतील. पण मी सांगते ना सगळं. खड्डा, सिग्नल, आडवं आलेलं माणूस. आजवर काही झालं नाही."

"आजवर!" मी जवळजवळ ओरडले. हिचा पतिव्रतापणा आणि त्यांची ऐट, आणि मधे बसभर मुलं, त्यांत माझी एक. इतकी चीड मला सख्ख्या बहिणीची कधी आली नव्हती.

मी सरळ भावोजींसमोर जाऊन हात पुढे केला. "बसची किल्ली द्या."

"मेहुणीबाई बस चालवणार!" त्यांनी हाळी दिली. गच्ची खदखदून हसली.

"द्या तर खरं. इथे, हातात."

ताई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. भावोजींनी ऐटीत खिशातून किल्ली काढली, सगळ्यांना दाखवली आणि माझ्या तळहाताच्या वीतभर बाजूला सोडली. ती खणकन फरशीवर पडली. कोणी हसलं नाही. भावोजींनी मान वळवून ताईला शोधलं, पण ती या वेळी काही पुटपुटली नाही.