स्टेपनीखालची रेघ

भडक्या मेस्त्रीला राग यायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालं तर मग विचारूच नका! चहा गार आला की भडकला, कुणी गाडीचं दार जोरात लावलं की भडकला. हे नाव त्याला जुन्या गाड्यांच्या बाजारातल्या दलालांनी ठेवलं होतं, पण त्याच्या तोंडावर ते घ्यायची कुणाची छाती नव्हती. बत्तीस वर्षं त्याने पत्रे ठोकले. चेपलेली गाडी आणायची, पत्रा सरळ करायचा, पुट्टी भरायची, रंग मारायचा आणि नवी कोरी वाटेल अशी उभी करायची, हा त्याचा धंदा. गुडघे गेले तेव्हा त्याने काम सोडलं. पण नजर शाबूत होती, म्हणून जुनी गाडी घ्यायची तर ओळखीपाळखीचे सगळे त्याला सोबत नेत.

गाडी बघायची त्याची रीत ठरलेली होती. विकणारा म्हणायचा, "काका, इंजिनाचा आवाज तर ऐका!" हा बहिऱ्यासारखा सरळ मागे जायचा. डिकी उघडायची, गालिचा उचलायचा, स्टेपनी बाहेर काढायची आणि त्या खड्ड्यात डोकं घालून बोटांनी पत्रा चाचपायचा. पुढचं सगळं मग. बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि ते कोमट लागलं की दहा माणसांत ओरडायचा, "आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीत? गार असताना सुरू होत नाही वाटतं!" ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि मीटर म्हणतंय गाडी जेमतेम चाळीस हजार फिरली, असं दिसलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लोकांना वाटायचं, काय हा जाणकार माणूस!

गाडी हवी होती ती यावेळी त्याच्या लेकीला. जावयाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चाकाची खुर्ची घडी करून ठेवायची म्हणून गाडी डिकीवालीच हवी, आणि लेक शाळेच्या कचेरीत कारकून, म्हणून जुनीच हवी. महिनाभर बापलेक दर रविवारी गाड्या बघत होते आणि बापाने सातच्या सात नापास केल्या. दोन गाड्यांचं मीटर मागे फिरवलेलं, एक पाण्यात बुडून निघालेली, ठीक आहे, मान्य. पण चौथी? चौथी राखाडी गाडी एका निवृत्त मास्तरीणबाईंची होती. दोन्ही दारं चेपलेली, रंग उडालेला, पण पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पावत्या बाईंनी बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या. स्टेपनीखाली पत्रा स्वच्छ. बाई सहज म्हणाल्या, "तुम्ही पत्रे ठोकायचात ना? मग ही दारं किती घेऊन सरळ कराल?" झालं! हा जो उखडला, तो "डबा आहे नुसता" म्हणत फाटकाबाहेर.

या मंगळवारी मात्र कहर झाला. भाड्याच्या गाडीवाल्याने खुर्ची बघितली आणि दवाखान्याच्या दारात दोघांना सोडून सटकला, मेला! भर दुपारी दीड तास नवराबायको रस्त्यात. जावयाला भोवळ आली, तो खुर्चीतून खालीच घसरला. लेक संध्याकाळी बापाच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, रविवारी शेवटची गाडी बघायची. तुमचं 'नाही' ऐकून कान किटले माझे."

ही आठवी गाडी लालभडक आणि चकचकीत होती. दलालाच्या आवारात लेकीने ती दोन फेऱ्या चालवून बघितली. इंजिन कुरकुर करेना, गिअर लोण्यासारखे पडत होते, आणि किंमत तर तिच्या आवाक्यातली. तिच्या चेहऱ्यावर महिन्याभराने हसू आलं. भडक्या नेहमीप्रमाणे मागे गेला. स्टेपनी काढली, किल्लीच्या टोकाने खड्ड्यातला काळा लेप खरवडला आणि त्याचा आवाज चढला. "जोडलीय! दोन गाड्या कापून एक केलीय! कोणत्या हरामखोराने हे पाप..."

तेवढ्यावर तो थांबला. लेपाखालची वेल्डिंगची रेघ त्याने बोटाने पुसली, पुन्हा पुसली. वेल्डिंगचे खवले उजवीकडून डावीकडे गेले होते. डावखुऱ्या माणसाचं काम, आणि भडक्या डावखुरा. आणि रेघ संपते तिथे, काही गरज नसताना, एक जादा ठिपका. ही खोड त्याची होती. हातातली दांडी उचलताना शेवटचा एक ठिपका टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि गॅरेजचा मालक त्यावरून त्याची टर उडवायचा.

"अहो काका, कंपनीची रेघ आहे ती," दलाल म्हणाला. "ताई, बाबांना सगळीकडे भूतच दिसतं का?"

"घ्यायची नाही," भडक्या म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता.

"का?" लेक म्हणाली.

"मी सांगतो म्हणून."

तेव्हा मात्र लेकीचा स्फोट झाला. बापाचाच राग तो, जाणार कुठे! "सात वेळा तुम्ही सांगितलंत म्हणून! तिकडे माझा नवरा उन्हात पडला रस्त्यावर, आणि तुम्हाला नुसतं नाही म्हणायची हौस! पुरावा काय? हे म्हणतात कंपनीची रेघ. मी यांचं ऐकणार आता." तिने दलालाच्या हातातून पेन घेतलं आणि कागद बॉनेटवर पसरला.

भडक्याने तिचं मनगट धरलं. "कंपनीची नाही ती. माझी आहे."

"काय तुमची?"

"रेघ! माझ्या हातची रेघ आहे ती, ऐकलंस? पुढचं धड एकीचं, मागचं दुसरीचं, आणि मधे मी! मालकाने आणून दिली आणि मी जोडली, वर लेप फासला. आणि संध्याकाळी घरी येऊन तुझ्या हातचं जेवलो. जोरात आपटली ना, तर बरोबर तिथे फाटेल. मागे बसलेला माणूस..." मागे कोण बसणार होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

लेकीने पेन खाली ठेवलं. "अशा किती केल्यात?"

"मोजल्या नाहीत."

"म्हणून आधी डिकी उघडता होय," ती हळूच म्हणाली. "आणि मी लोकांना सांगत फिरते, माझ्या बाबांना गाड्यांतलं सगळं कळतं म्हणून!"

दलाल खाकरला. "ताई, एवढं असेल तर किमतीत बघू की थोडंफार."

अहो, शरम नावाची चीज असते की नाही! भडक्याच्या हाताची मूठ वळली, पण तो दलालाच्या अंगावर गेला नाही. तो पुन्हा डिकीत वाकला आणि किल्लीने काळा लेप खरवडायला लागला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, कचाकचा, दातओठ खात. आंधळ्यालाही बोटाला लागेल एवढी ती रेघ उघडी करायची होती त्याला. "ए काका! नासवलीत ना गाडी!" दलाल धावत आला, तशी लेक आडवी उभी राहिली. "हात लावून दाखवा त्यांना," ती म्हणाली.

गालिचा सारखा बापाच्या डोक्यावर पडत होता. लेकीने एका हाताने गालिचा वर धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"बाई, ती तुमची राखाडी गाडी अजून आहे का? हो, तीच, दारं चेपलेली. नाही नाही, ठोकून घेऊ नका. तशीच राहू द्या. आम्ही येतोय."